थॉमस अकरावा

किसनरावांना जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली गेली, त्यात गोजरबाईंची चूक असलीच तर नखाएवढी होती. पण गावाला नख दिसत नाही, आख्खा हात दिसतो.

चिखलीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात पाहुण्यांचा परिचय करून देण्याचं काम नऊ वर्षं गोजरबाईंकडे होतं. हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. समोर माणूस उभा राहिला की त्याचं मूळ गाव, त्याच्या आजोबांचा धंदा, आत्याचं सासर आणि लहानपणी त्याला झालेला गोवर, सगळं त्यांच्या तोंडून सुतासारखं निघायचं. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत दाखल-खारीज रजिस्टर लिहिलेल्या बाई त्या. निम्मी चिखली त्यांच्या अक्षरात शाळेत शिरली होती. शाळेचा दाखला हरवलेली माणसं आधी बाईंकडे यायची आणि मग शाळेत जायची.

तर श्रावणातल्या सभेत अध्यक्ष शंकरराव काकडे यांनी त्यांच्यापुढे चिठ्ठी सरकवली : ‘किसनराव गेले. उल्लेख करावा.’

किसनराव गेले होते अमरावतीला. मंडळाचे प्रतिनिधी म्हणून, ज्येष्ठांच्या मेळाव्याला. पण चिठ्ठी लहान होती आणि अमरावती तिच्यात मावली नव्हती. बाई उठल्या आणि आठ मिनिटं बोलल्या. किसनरावांचा मनमिळाऊ स्वभाव, त्यांची सायकल, त्यांनी लावलेली कडुनिंबाची झाडं. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले, आणि नेमके तेव्हाच सकाळच्या बसने परतलेले किसनराव सभागृहात शिरले. सगळे उभे आहेत म्हणून तेही तिसऱ्या रांगेत हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. दोन मिनिटं संपल्यावर त्यांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, “कोन गेलं हो?”

शंकररावांनी ती चिठ्ठी घडी करून खिशात घातली. आणि गावभर झालं ते एवढंच, की बाईंचं आता वय झालं.

पुढच्या सभेपासून परिचय छापील आले. शंकररावांच्या सूनबाईंच्या प्रिंटरवर काढलेले. त्यात प्रत्येक पाहुणा ‘हरहुन्नरी व्यक्तिमत्त्व’ होता. अमेरिकेतून मुलाचा, शेखरचा फोन आला. “आई, एकदा डोक्याच्या डॉक्टरांना दाखवून ये ना.” गोजरबाईंनी फोन ठेवला आणि सबंध दुपार शेंगा फोडत बसल्या. शहात्तर वर्षांच्या बाईचे गुडघे गेले तर लोक पायऱ्यांवर हात देतात. आठवण गेली म्हटलं की तोच हात हळूच खांद्यावर येतो आणि माणसाला बाजूला नेऊन बसवतो. बाईंना बाजूला बसायचं नव्हतं.

संधी आली ती गुडघ्यांमुळेच. कार्तिकातल्या व्याख्यानाला बुलढाण्याहून गुडघ्यांचे डॉक्टर येणार होते. ते जिन्यावरून पडले आणि स्वतःचाच गुडघा धरून बसले. आता बोलणार कोण? शंकरराव टेबलाभोवती एकेकाकडे बघत होते. गोजरबाई उभ्या राहिल्या.

“मी बोलते. अमेरिकेतल्या एका राजकारणी घराण्याची वंशावळ.”

विषय उगाच आकाशातून पडला नव्हता. आदल्या वर्षी बाई सहा महिने शेखरकडे ओहायोत राहून आल्या होत्या. शेजारी मार्गारेट व्हिटलो नावाच्या ऐंशीच्या बाई. त्याही निवृत्त शिक्षिका. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडणाचं कारणच उरलं नाही. बाईंनी तिच्या वाफ्यात मेथी पेरून दिली. निघताना मार्गारेटनं आपल्या घराण्याचा भलामोठा तक्ता भेट दिला होता. आजोबा राज्याच्या विधिमंडळात, वडील खासदार, भाऊ गव्हर्नर, भाचा गावचा महापौर. आपल्या नावावर बोट ठेवून मार्गारेट हसली होती आणि तिनं हवेत खडूनं लिहिल्यासारखं केलं होतं. या घरात निवडणूक न लढवलेली मी एकटीच, असा त्याचा अर्थ बाईंनी लावला आणि तो बरोबरच होता.

शंकररावांनी चष्मा काढून पुसला. “बोला. पण तोंडी नको. तक्ता लावा, लेखी पाहिजे. पुन्हा एखादा जिवंत माणूस मेला तर मंडळाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. हे नीट पार पडलं तर परिचयाचं काम परत तुमच्याकडे. नाही तर प्रिंटर कायमचा.”

बाई घरी आल्या त्या तरंगतच. मार्गारेटच्या तक्त्यात पुरुषांची नावं ठळक अक्षरात होती आणि त्यांच्या बायकांची मुंगीच्या पायाएवढी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुंग्या बाईंना दिसत नसत. त्यांनी फक्त पुरुष उतरवून घेतले आणि तिथंच घोडं अडलं.

अडतीस वर्षांची सवय होती. आधी मुलाचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. मार्गारेटच्या आजोबांचं नाव थॉमस आल्डन व्हिटलो. म्हणजे बाप आल्डन. पण तक्त्यावर वर बाप म्हणून बसला होता इज्रा नावाचा गिरणीवाला. थॉमसचा मुलगा जोसाया पेल्टन व्हिटलो. म्हणजे याचा बाप पेल्टन? मग थॉमस कोण? आणि जोसायाचा मुलगा पुन्हा थॉमस आल्डन व्हिटलो. त्याचा मुलगा तोही थॉमस आल्डन व्हिटलो.

बाईंनी कागद उलटा करून पाहिला. आल्डन मागेही नव्हता.

संध्याकाळी शेजारची फातिमा शिवणाचं काम आवरून चहाला आली. तिच्याइतकी चौकस बाई चिखलीत दुसरी नव्हती.

“या अल्ला! चार पिढ्या आमदार-खासदार, अन् एकाचाही बाप जागेवर नाही?”

“हळू बोल ना. भिंतीपलीकडे ऐकू जाते.”

“त्या अमेरिकेवाल्याईले मराठी कुठी समजते! दत्तक घेतले असतीन सारे. मोठ्या घरी चालतेच ते.”

“एका मागे एक, चारही?”

“सवय लागली असंन,” फातिमा म्हणाली आणि बशीत चहा ओतला.

हे प्रकरण कायद्याचं आहे असं वाटून बाईंनी दयारामजींना बोलावलं. दयारामजी निवृत्त तलाठी. हयातभर वारसनोंदी केल्यामुळे त्यांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसत, मयत आणि वारस. त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, आणि पेन मागितलं.

“बाई, हे आजा, नातू अन् पणतू. तिघाचा बाप एकच, आल्डन. म्हंजे कागदोपत्री तिघं सख्खे भाऊ झाले.”

“आजोबा आणि नातू सख्खे भाऊ?”

“मी नाही म्हणत. कागद म्हणते.” दयारामजींनी आवाज खाली आणला. “याच्यात फेरफार झालेला आहे. काकानं नाही तर भाच्यानं नाव घुसडवलं. सातबारा आहे काय जवळ?”

“ओहायोचा?”

“मंग कशाच्या भरवशावर बोलता तुमी?”

त्यांनी रीतसर वंशावळ करून दिली. प्रत्येक नावापुढे ‘मयत’, फक्त शेवटच्या थॉमसपुढे ‘हयात, वारस’. बाईंनी मार्गारेटचं नाव सांगितलं, ते त्यांनी गाळलं. का, तर तिनं हक्कसोड पत्र दिलेलं असणार. आल्डनसमोर लिहिलं : ‘सदर इसम आढळून येत नाही.’ खाली सही केली आणि सवयीनं शिक्का शोधायला खिशात हात घातला.

बाईंनी शेखरमार्फत मार्गारेटला विचारावं म्हटलं तर ती शेतावरच्या घरी गेली होती, तिथं फोन लागत नसे. व्याख्यान चार दिवसांवर. तक्ता तर करायलाच हवा होता. फातिमाचा मुलगा अकील बसस्टँडमागे फ्लेक्सचं दुकान चालवायचा. बाईंनी त्याला मूळ तक्त्याचा फोटो दिला आणि शिक्षकी आवाजात बजावलं, “एकही इंग्रजी अक्षर दिसता कामा नये. आकडेसुद्धा मराठीत.”

हे वाक्य त्यांनी नंतर पुष्कळदा मनातल्या मनात परत घेतलं.

अकील प्रामाणिक माणूस. त्यानं फोटो मोठा करून मुंग्यासुद्धा मराठीत आणल्या. पण थॉमसच्या नातवापुढे रोमन आकड्याच्या दोन काठ्या होत्या आणि पणतूपुढे तीन. दुसरा आणि तिसरा. अकीलनं त्यांचं शुद्ध मराठी केलं. फ्लेक्स वाळायला दुकानाबाहेर टांगला गेला तेव्हा त्यावर मोठ्या सोनेरी अक्षरात होतं :

थॉमस आल्डन व्हिटलो. गव्हर्नर थॉमस आल्डन व्हिटलो ११. महापौर थॉमस आल्डन व्हिटलो १११.

अकीलकडे तयार नक्षी एकच होती, वाढदिवसाची. त्यामुळे कोपऱ्यात गुलाब होते आणि तळाशी ‘शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार, चिखली’.

गावात निवडणुकीचे दिवस. दुपारपर्यंत फ्लेक्सपुढे वीस माणसं जमली. एका उमेदवाराच्या दोन कार्यकर्त्यांनी फोटो काढला आणि अकीलला बाजूला घेऊन विचारलं, “हे व्हिटलो कोन्या वार्डातून उभे आहेत?” दुसऱ्या उमेदवाराच्या माणसानं विचारलं की एकशे अकरा थॉमस म्हणजे गठ्ठा मतदान कोणाकडे आहे. मंडळाच्या व्हॉट्सॅप गटावर किसनरावांनी, मेल्यापासून ते फार हजरजबाबी झाले होते, एकच ओळ टाकली : ‘दुसरा ते दहावा थॉमस यांचे काय झाले? कुणी उल्लेख करावा.’

बाई धावत दुकानात गेल्या. “अकील, हे काय केलं?”

“दादी, तुमीच म्हनल्या ना, आकडेसुद्धा मराठीत.”

“अरे, ते अकरा नाही. दुसरा!”

“मंग दुसरा म्हनून काऊन नाही लिवत ते? दोन काठ्या टाकल्या तं मानूस अकराच वाचन ना.”

दुसरा फ्लेक्स काढायला वेळ नव्हता, मशीन दोन्ही उमेदवारांनी आठवडाभर अडवून ठेवलं होतं. बाईंचं सगळं लक्ष त्या अकरावर खिळलं होतं. बाकी फ्लेक्सवर काय छापलंय ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृहात शिरताच त्यांना शंकरराव शिडीवर दिसले. हातात डिंकाची बाटली, काखेत रद्दी पेपर.

“अध्यक्ष, हे काय चाललंय?”

“आचारसंहिता.” शंकरराव शिडीवरूनच म्हणाले. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले तरी त्यांची भीती सेवेतच होती. “आमदार, खासदार, गव्हर्नर, महापौर. सगळी पदनामं उघड लावली आहेत तुम्ही. अशा दिवसात कोनशिला झाकतात, पाट्या झाकतात. उद्या कोणी तक्रार केली तर?”

“अहो, ते अमेरिकेतले आहेत. मेलेले आहेत.”

“एकशे अकरावा जिवंत आहे ना? महापौर आहे ना? आणि खाली शुभेच्छुक चिखलीचे. लावायचा तर झाकूनच लावा, नाहीतर नको.”

आणि त्यांनी प्रत्येक राजकारण्यावर पेपर डकवला. इज्रा गिरणीवाला निवडणुकीत नव्हता, पण पेपर मोठा होता, त्यात तोही गेला.

बाई खुर्चीवर बसल्या. ज्या तक्त्यासाठी एवढं केलं त्यावर आता बाजारभाव आणि जाहिराती होत्या. हातात दयारामजींची यादी होती, तिच्यात आल्डन आढळून येत नव्हता. समोर साठ माणसं. एवढी गर्दी मंडळात कधी झाली नव्हती. निम्मी अकराव्या थॉमससाठी आलेली. मागे दोन्ही उमेदवारांची माणसं पाळत ठेवून. पहिल्या रांगेत फातिमा, ओढणी सावरून, ओठात काही तरी पुटपुटत. तिच्या शेजारी शंकररावांच्या सूनबाई, मांडीवर पुढच्या महिन्याचा छापील परिचय.

बाई उठल्या. नमस्कार झाला. घसा साफ झाला. पहिलं वाक्य झालं. आणि तिसऱ्या रांगेतून किसनराव उभे राहिले.

“बाई, एक शंका. एक झाला, मंग डायरेक्ट अकरा. मधले नऊ थॉमस कुठी गेले?”

सभागृह फुटलं. बाई सवयीनं छडी घेऊन तक्त्याकडे वळल्या. फळ्याकडे वळलं की उत्तर सुचतं, हा अडतीस वर्षांचा अनुभव. पण फळ्यावर पेपर होते. थॉमस नाही, जोसाया नाही, एकही पुरुष नाही. पेपरांच्या मधल्या फटीतून फक्त बायका दिसत होत्या. राजकारणात नसल्यामुळे त्यांना कोणी झाकलं नव्हतं. वरपासून खालपर्यंत, एकीखाली एक :

हॅना आल्डन. रूथ पेल्टन. क्लारा केलर. आणि क्लाराची मुलगी, मार्गारेट केलर व्हिटलो.

बाई वाचत राहिल्या. पुन्हा वाचलं. छडी हवेतच राहिली. हशा विरला आणि लोक एकमेकांकडे बघू लागले. शंकरराव मंडळाच्या सेक्रेटरींच्या कानाशी गेले. “विसरल्या वाटतं,” हे पहिल्या दोन रांगांनी ऐकलं.

आणि गोजरबाई हसायला लागल्या. एकट्याच. फातिमानं डोळे मिटून घेतले.

“फातिमा, आल्डन सापडला गं!”

“कोनाचा बाप निंगाला?”

“बाप नाही. माय आहे तो!”

मग बाई ज्या सुटल्या त्या सुटल्याच. यादी त्यांनी टेबलावर पालथी घातली.

“आपल्याकडे नावाच्या मधोमध कोण बसतो? बाप. लग्न झालं की बापाला उठवून नवरा बसतो. मी तेच धरून चालले आणि चार दिवस त्या घराण्याचे बाप हुडकत फिरले. दयारामजींनी तर आजोबा आणि नातू सख्खे भाऊ करून टाकले.”

“कागदानं केले,” दयारामजी मागून म्हणाले.

“पण या घराण्यात मध्ये बसतं ते आईचं माहेर. ही हॅना बघा. गिरणीवाल्याची बायको, आल्डनांची लेक. हिनं मुलाचं नाव ठेवताना आपलं माहेर मध्ये ठेवून दिलं. थॉमस आल्डन. त्याची बायको रूथ, पेल्टनांची. तिचा मुलगा जोसाया पेल्टन. त्याची बायको क्लारा केलर. म्हणून माझी मैत्रीण मार्गारेट केलर. आणि तिच्या भावाला आख्खं पणजोबा... नाही, तिचे आजोबा, जोसायाचा बाप, त्या थॉमसचं आख्खं नाव दिलं, म्हणून तो थॉमस आल्डन दुसरा. किसनराव, दुसरा. मधले नऊ जन्मलेच नाहीत. त्यांची श्रद्धांजली माझ्या गळ्यात घालू नका.”

किसनराव हात जोडून खाली बसले. बाई एकदा पणजोबा म्हणाल्या आणि दुरुस्त करून आजोबा म्हणाल्या, तेवढी अडखळ सूनबाईंनी टिपून घेतली. पण आता कोणी तिकडे पाहत नव्हतं.

“ही हॅना कधी निवडणुकीला उभी राहिली नाही. तिच्या काळात तिच्या देशात बाईला मतसुद्धा नव्हतं. पण तिच्या माहेरचं नाव सव्वाशे वर्षं निवडून येतंय. आजही महापौर आहे.”

बायकांच्या बाजूनं टाळी पडली. पहिली कोणाची ते कळलं नाही, पण हातात बांगड्या पुष्कळ होत्या.

शंकरराव उभे राहिले. “बाई, ऐकायला गोड आहे. पण हा सगळा अंदाज. पुरावा काय? आठवणीवर आणि अंदाजावर किती विसंबायचं, हे आपण श्रावणात पाहिलेलं आहे.”

बाईंनी छडी टेबलावर ठेवली.

“मग आठवणीचाच पुरावा देते. अध्यक्ष, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय?”

शंकररावांनी तोंड उघडलं.

“पिंपळगावचे मामा होते आमचे...”

“आडनाव?”

“मामाले आमी... मामाच म्हनत होतो,” शंकरराव म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून व्यासपीठावर घरची बोली निघाली.

“सावळे,” गोजरबाई म्हणाल्या. “पिंपळगाव राजाचे सावळे. बहात्तर सालच्या जून महिन्यात तुमची आई, सुंदराबाई, तुमच्या धाकट्या भावाला घेऊन शाळेत आली होती. मी मुलाचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं. ती रजिस्टरावर वाकून बघत राहिली. म्हणाली, ‘बाई, लेकाचं लिवलं, त्याच्या बापाचं लिवलं, माह्यं कुठी लिवता?’ रकानाच नव्हता हो. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, सुंदराबाई, माहेर सावळे, पिंपळगाव राजा. तपासणीला साहेब आले, त्यांनी खोडायला लावलं. मी खोडलं. तेव्हापासून जी माउली मूल घेऊन आली तिचं नाव मी डोक्यात लिहिलं. रजिस्टरात जागा नव्हती, काय करणार? तुम्हाला वाटतं माझी आठवण मोठी. मोठी नाही. फक्त तिच्यात बायका भरती केलेल्या आहेत, त्यांना दुसरीकडे कुठे दाखला नाही म्हणून.”

मग मागून, भिंतीपाशी बसलेल्या तानाबाईंनी, ज्या नऊ वर्षांत सभेत कधी बोलल्या नव्हत्या, विचारलं, “बाई, माह्यं?”

“खरात. देऊळगावचे. तुझे वडील सनई वाजवायचे.”

तानाबाईंनी शेजारणीकडे असं पाहिलं की जणू आत्ता निकाल लागला. त्यानंतर दहा मिनिटं व्याख्यान कोणाच्या हाती राहिलं नाही. हजेरीवही बायकांच्या बाजूला फिरत होती आणि ज्यांनी सह्या केल्या होत्या त्या ती परत मागवून आपल्या नावात माहेर घालत होत्या. फातिमानं तर आईचं आणि आजीचं अशी दोन्ही माहेरं मध्ये घातली आणि सही दोन ओळी उतरली.

आभार मानायला शंकरराव उठले तेव्हा त्यांच्या हातात छापील कागद नव्हता. खिशातून त्यांनी घडी घातलेली एक चिठ्ठी काढली आणि बराच वेळ ती उलगडत राहिले.

“आभारांआधी एक खुलासा. श्रावणातली चिठ्ठी माझी होती. ‘अमरावतीला’ लिहायचं राहिलं, ते मीच. बाईंना तेवढंच दिसलं, जेवढं मी लिहिलं.” त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “परिचयाचं काम पूर्ववत बाईंकडे. आपला, शंकर सावळे काकडे.”

नाव उच्चारल्यावर ते स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघत राहिले, आपल्याला कोणी हाक मारली की काय अशा चेहऱ्यानं.

लोक पांगले. अकील शिडी लावून तक्ता काढायला लागला, दोन्ही उमेदवारांची माणसं निश्चिंत होऊन निघून गेली. बाई चष्मा पुसत होत्या. किसनराव काठी टेकत त्यांच्यापाशी आले. इकडे तिकडे पाहून त्यांनी आवाज बारीक केला.

“बाई, माह्या मायचं माहेर मालूम आहे ना तुमाले?”

“बोबडे. मेहकरकडचे.”

“हाव.” किसनरावांचा चेहरा उजळला. “मंग पुढच्या वेळी माह्या श्रद्धांजलीत तेवढं टाकजा. मांगच्या खेपेले राहून गेलं होतं.”